दोन हजार रिंगिटांची रेघ

परवा तलावपाळीच्या कट्ट्यावर वाद पेटला तो एका फोटोवरून. आमच्यातला एक जण नोकरीनिमित्त दोन वर्षं मलेशियातल्या पेनांग राज्यात राहून आलाय. त्याने मोबाइल पुढे केला. समुद्राकाठचा रुंद रस्ता आणि पाटीवर नाव, 'पर्सियारान करपाल सिंग'.

"सरदारजींच्या नावाचा रस्ता? तिकडे?" मास्तरांनी चष्मा वर केला. "मंत्री होते का?"

"नाही."

"मुख्यमंत्री?"

"तेही नाही. वकील आणि खासदार. जन्म १९४०चा, पेनांगमधलाच."

"मग नाव कशाबद्दल? तिथे राज्य कोणाचं?"

"२००८पासून त्यांच्याच पक्षाचं. डेमोक्रॅटिक ॲक्शन पार्टी, डीएपी."

"हं. घरच्यांनीच पाटी लावली म्हणा की."

इथे मला राहवलं नाही. मी करपाल सिंगांबद्दल बरीच वर्षं मिळेल ते वाचत आलोय. मास्तरांना म्हटलं, पाटी कोणीही लावो, मतं कोणी दिली ते बघा. १९६९च्या मे महिन्यात क्वालालंपूरमध्ये मलय-चिनी दंगली झाल्या, माणसं मेली. त्याच वर्षी या माणसाची वकिली सुरू झाली आणि पुढच्या वर्षी त्याने डीएपी धरली, कारण तो पक्ष जात-वंश न बघता सगळ्यांचा म्हणवत होता. १९७४ला शेजारच्या केडा राज्याच्या विधानसभेत अलोर सेतारमधून निवडून आले. मग १९७८ला पेनांगातल्या जेलुतोंगमधून थेट संसदेत. १९७८, ८२, ८६, ९०, ९५, ओळीने पाच वेळा. मतदारसंघ चिनी बहुसंख्येचा. तिथल्या शिखांच्या मतांवर एक वॉर्डसुद्धा निघाला नसता. लोक त्यांना 'जेलुतोंगचा वाघ' म्हणायचे.

"ते ठीक, पण गटार, पाणी, रस्ता?" मास्तर आपल्या मुद्द्यावरून हलेनात. त्यांनी आयुष्यभर जिल्हा परिषदेच्या शाळेत छप्पर गळताना पाहिलंय, त्यामुळे खासदार म्हटला की त्यांचा पहिला प्रश्न हाच असतो, आणि तो चुकीचा आहे असं मी म्हणणार नाही.

पण १९८७ बघा. ऑक्टोबरमध्ये 'ऑपरेशन लालांग' या सरकारी धरपकडीत शंभरावर लोक विनाचौकशी आत टाकले, त्यात हेही. मार्च १९८८ला इपोहच्या हायकोर्टाने यांची अटक बेकायदा ठरवून सोडलं. घरी पेनांगला निघाले, आणि काही तासांत वाटेतच पुन्हा उचलले. सुटले ते जानेवारी १९८९मध्ये. पुढच्याच वर्षी निवडणूक होती, आणि जेलुतोंगने त्यांनाच परत पाठवलं. त्या मतदाराला गटार नको होतं असं नाही. त्याला आधी संसदेत कोणीतरी न घाबरता उभं राहायला हवं होतं.

"आणि १९९९ला पडले, ते विसरू नकोस," वकील म्हणाला. हा आमचा वकील, म्हणजे खराच वकील, ठाणे कोर्टात उभा राहतो. "तेव्हा कुठे गेला तुझा मतदार?"

हा घाव बरोबर बसला. त्या वर्षी बडतर्फ उपपंतप्रधान अन्वर इब्राहिम तुरुंगात, पंतप्रधान महाथीरविरुद्ध लाट, आणि डीएपीने 'पास' या इस्लामी पक्षाबरोबर आघाडी केली. पास इस्लामी राज्य मागणारा. आणि ते येईल तर माझ्या मढ्यावरून येईल, असं १९९०ला जाहीर सांगणारा माणूस कोण, तर करपाल सिंगच. चिनी मतदार आघाडीला घाबरला आणि शिक्षा झाली त्या आघाडीत सगळ्यात मोठ्याने 'नाही' म्हणणाऱ्याला. पक्षाचे मोठे नेते लिम किट सियांगही पडले. डीएपीला उभ्या देशात दहा जागा.

"मग आघाडीत गेलेच कशाला?" मास्तर.

"पक्षाचा निर्णय."

"पक्षाचा निर्णय तर पक्षाबरोबर बुडायचं. तक्रार कसली?"

तक्रार त्यांनी केलीही नाही. २००४ला शेजारच्या बुकित गेलुगोरमधून उभे राहिले, निवडून आले, आणि इस्लामी राज्याबद्दलचं म्हणणं तसूभर बदललं नाही. २००५च्या जानेवारीत अपघात झाला, तेव्हापासून व्हीलचेअर. २००८ आणि २०१३च्या निवडणुका त्याच खुर्चीवर बसून जिंकल्या.

मग वकिलाने स्वतःच मलेशियाच्या पेराक राज्याचा विषय काढला, आणि गप्पांचा सूरच बदलला. पेराकच्या विधानसभेत ५९ जागा. २००८ला देशात विरोधात बसणाऱ्या, डीएपी असलेल्या आघाडीकडे ३१, केंद्रातल्या सरकारपक्षाकडे २८; म्हणून राज्यात आघाडीचं सरकार. फेब्रुवारी २००९मध्ये आघाडीचे तीन आमदार फुटले आणि ते सरकार गेलं.

"हे ऐकल्यासारखं वाटतंय," मास्तर म्हणाले. कट्ट्यावर क्षणभर कोणी बोललं नाही. महाराष्ट्रात राहणाऱ्याला यावर काय सांगायचं?

मुख्यमंत्र्यांनी सभागृह बरखास्त करा म्हटलं, राज्याचे प्रमुख असलेल्या सुलतानांनी नकार दिला आणि त्यांनाच पायउतार व्हायला सांगितलं. करपाल सिंगांनी पत्रकारांना सांगितलं की सुलतानांच्या या निर्णयाला कोर्टात आव्हान देता येतं. एवढ्यावर राजद्रोहाचा खटला.

"आणि ते सुलतान अझलन शाह स्वतः देशाचे सरन्यायाधीश राहिलेले!" वकील उठून उभा राहिला. "कायद्याचा मुद्दा कायद्याच्या माणसाबद्दल मांडला. यात द्रोह कुठे आला?"

२०१०ला हायकोर्टाने सोडलं, पण अपील कोर्टाने खटला परत पाठवला. २०१४ला दोषी ठरले, दंड चार हजार रिंगिट, रिंगिट म्हणजे तिथलं चलन. आता खरी मेख ऐका. मलेशियाच्या घटनेत दोन हजार रिंगिटांची रेघ आहे. दंड तिथे पोचला आणि अपिलातही टिकला की खासदारकी जाते.

त्या मार्चमध्ये त्यांनी पक्षाचं अध्यक्षपद सोडलं. १७ एप्रिलच्या मध्यरात्रीनंतर क्वालालंपूरहून पेनांगला जाताना, काम्पारजवळ महामार्गावर गाडी लॉरीवर आदळली आणि त्यात ते गेले. सकाळी पेनांगच्या कोर्टात उभं राहायचं होतं.

"आणि जागा? पोराला?" मास्तरांनी नेमकं विचारलं.

हो, पोटनिवडणूक मुलगा रामकरपाल जिंकला. दुसरा मुलगा गोबिंद २००८पासून खासदार. हे मला खटकतं आणि मी ते कबूल केलं. दोघेही वकील, दोघेही बोलणारे, तरी बापाचं नाव पुढे चालतं ते चालतंच. मास्तर यावर मान हलवत राहिले, आणि मला उत्तर सुचलं नाही.

"अपिलाचं काय झालं?" वकिलाने विचारलं. त्याला तेवढंच हवं होतं.

घरच्यांनी ते सोडलं नाही. २०१६ला अपील कोर्टाने दोष कायम ठेवला, पण दंड आणला अठराशेवर. आणि २०१९ला फेडरल कोर्टाने निर्दोष सोडलं, मरणानंतर पाच वर्षांनी.

"अठराशे," वकील हळू म्हणाला. "म्हणजे जागा गेलीच नसती."

"ते गेले तेव्हा अपील चालूच होतं ना?" मास्तरांनी फोटो पुन्हा मागून घेतला. "म्हणजे गेले ते खासदार म्हणूनच."