‘नको’चं बटण कुठाय?

काल सकाळी पावणेदहाला शटर वर केलं, उदबत्ती लावली, पुढचा कॉम्प्युटर चालू केला. बाकावर नवरीचा बाप येऊन बसलेला, हातात वहीचा फाडलेला कागद, त्यावर पत्रिकेचा मजकूर. आणि पडद्यावर काय? विंडोज ११ तुमच्यासाठी तयार आहे, आणि ते फुकट आहे. अरे पण मागितलं कुणी होतं?

अपडेटच्या पानावर दोन बटणं. पहिलं म्हणतं डाउनलोड करा. दुसरं म्हणतं ‘स्टे ऑन विंडोज टेन फॉर नाऊ’. फॉर नाऊ! म्हणजे सध्यापुरतं राहा बाबा, नंतर बघतोच तुझ्याकडे. दीड वर्षाचं पोर आई-बाबा म्हणायला लागलं की लगेच ‘नको’ शिकतं. भाताचा घास पुढे आला की मान फिरवून ‘नको’. इतकी शिकलेली माणसं बसून एक बटण करतात आणि त्यांना ‘नको’ सुचत नाही? सुचतं हो, चांगलं सुचतं. ठेवायचं नाहीये.

भाचा पुण्यात हिंजवडीला नोकरीला आहे. त्याला फोन केला की एकच मंत्र. ‘मामा, अहो करून टाका ना, तासाभराचं काम आहे.’ तासाभराचं काम! तुझा तास एसीत बसून कॉफी पिण्यात जातो रे. माझ्या तासात दोन पत्रिकांची प्रूफं, एक वर्षश्राद्धाची जाहिरात आणि ‘आधारचं प्रिंट देता का’ म्हणणारी सात माणसं असतात.

आणि मुहूर्त तरी कसला काढलाय बघा. विंडोज १० चा सपोर्ट, म्हणजे सुरक्षेची फुकटची ठिगळं, संपला १४ ऑक्टोबर २०२५ ला. म्हणजे तीन दिवसांवर वसुबारस. धंद्यातल्या कुठल्याही माणसाला विचारा, दिवाळीच्या तोंडावर कॉम्प्युटरला हात लावायचा का? दिवाळीची हँडबिलं, सेलचे फलक, भेटकार्डं. ते संपतंय तोवर तुळशीचं लग्न, म्हणजे पत्रिका सुरू. त्यात या वेळी २ डिसेंबरला नगरपालिकांचं मतदान. प्रत्येक उमेदवाराला परिचयपत्रक काल हवं होतं. एकाने तर स्वतःचा फोटो तीनदा बदलून घेतला, तिन्ही फोटोंत माणूस तसाच. या गदारोळात मी विंडोज बदलू?

बरं, बदलायचं ठरवलं तरी कुठल्या कॉम्प्युटरवर? माझ्याकडे दोन आहेत. पुढचा नवा आहे, त्याच्यावर ११ चालतं, म्हणून तो रोज माझ्या मागे लागतो. आतल्या खोलीतला जुना आहे, सगळं पोट त्याच्यावर आहे, आणि त्याला ११ चालतच नाही. ज्याला द्यायचंय तो घेईना, ज्याला नकोय त्याच्या गळ्यात घालायला निघालेत.

आतला मी २०१८ च्या पाडव्याला घेतला. आत इंटेलचा सातव्या पिढीचा आय-फाइव्ह प्रोसेसर. तेव्हा आठवी पिढी बाजारात आलेली होती, पण दुकानदार म्हणाला, ‘दादा, तुमच्या कामाला हाच बास, उगाच जास्त कशाला घालवताय?’ मलाही वाटलं, भला माणूस. आता कळतंय की त्या दिवशी वाचवलेल्या तीन हजारांत माझा पत्ता कट झाला, कारण ११ ला इंटेलची आठवी पिढी किंवा पुढची लागते. शिवाय टीपीएम २.० नावाची सुरक्षेची चिप लागते, चालू होतानाच खोटं सॉफ्टवेअर अडवणारा सिक्युअर बूट लागतो. माझ्या मदरबोर्डात टीपीएमची सोय आहे म्हणे, बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्याही आधी उघडणाऱ्या सेटिंगमध्ये, जाऊन चालू करायची. म्हणजे चिपची अट पुरी झाली तरी पिढीची राहतेच. लग्नात कसं, पत्रिका जुळते, गुण जुळतात, आणि शेवटी कोणीतरी नाडी काढतं, तसलं.

तो कॉम्प्युटर बिघडलाय का? नाही. हळू चालतो का? अजिबात नाही. एसएसडी टाकल्यापासून पुढच्या नव्यापेक्षा आधी चालू होतो. बारा पानांची पुस्तिका एका हाताने उघडतो. असा धडधाकट कमावता गडी एका तारखेला सकाळी उठून निकामी ठरवायचा, ही कुठली रीत? आमच्या आज्ज्याने एका नांगरावर तीन बैलजोड्या बदलल्या. नांगर कधी म्हणाला नाही की मला आता आठव्या पिढीचा बैल पाहिजे.

भाचा म्हणतो, ‘मामा, नवीनच घ्या ना.’ घेतो की. पण मग डोंगलचं काय?

हे डोंगल प्रकरण बाहेरच्यांना कळत नाही, म्हणून सांगतो. आमच्या धंद्यात मराठी टायपिंगची जुनी सॉफ्टवेअरं अशी की पाठीमागे अंगठ्याएवढी एक कळ लावल्याशिवाय उघडायचीच नाहीत. ती कळ म्हणजे डोंगल. मी २००६ साली घेतलं, बायकोची भिशी उचलून. कंपनीचं नाव घेत नाही, फोन तर ती कधीच घेत नाही. त्या डोंगलचा ड्रायव्हर, म्हणजे विंडोजला ती कळ ओळखायला लावणारा छोटा प्रोग्राम, ३२ बिटचा, जुन्या जातीचा. ६४ बिटच्या विंडोजला ड्रायव्हरही ६४ बिटचाच लागतो. म्हणून मी आतल्या कॉम्प्युटरवर मुद्दाम ३२ बिटचं विंडोज १० टाकून घेतलं, निम्मी रॅम वाया घालवून. आणि विंडोज ११ मध्ये ३२ बिट हा प्रकारच नाही. फक्त ६४. संपला विषय. डोंगल घ्या आणि देव्हाऱ्यात ठेवा.

‘युनिकोड वापरा ना मामा.’ म्हणजे कुठल्याही कॉम्प्युटरवर सारखीच दिसणारी अक्षरं. वापरतो रे बाबा! देवनागरी युनिकोडमध्ये १९९१ पासून आहे, मला माहीत आहे. व्हॉट्सअ‍ॅपला तेच, मेलला तेच. पण माझ्याकडे वीस वर्षांचा माल पडलाय तो जुन्या फॉन्टमधला. त्या फॉन्टमध्ये ‘क’ हा खरा ‘क’ नसतोच. कॉम्प्युटरच्या लेखी ते एखादं इंग्रजी अक्षर असतं, फॉन्ट फक्त त्याला ‘क’चा अंगरखा घालतो. फॉन्ट गेला की ‘श्री गणेशाय नमः’च्या जागी डॉलर, टक्के, कंस आणि उद्गारचिन्हं. मोठ्या मुलीची पत्रिका केली होती ना, तशीच धाकटीची करा, असं म्हणणारे निम्मे गिऱ्हाईक माझे. ती मोठीची फाइल पेजमेकरमध्ये, पानं मांडायच्या जुन्या सॉफ्टवेअरमध्ये. पेजमेकर ७ आलं २००१ साली, त्याच्यानंतर ८ आलंच नाही. हसा. पण अजूनही बटर पेपरवर प्रिंट काढून ऑफसेटवाल्याकडे पाठवायचं तर माझा हात त्यातच चालतो. कन्व्हर्टरने युनिकोड करून बघितलं, तर रफार पुढच्या अक्षरावर जाऊन बसला आणि ‘सूर्यवंशी’चं काय झालं ते नवरदेवाच्या चुलत्यासमोर वाचायची माझी हिंमत झाली नाही.

माझी भीती उगाचची नाही. २०१९ चा मे महिना. वधूवर मेळाव्याची सूची-पुस्तिका होती, एकशे चाळीस स्थळं. नाव, जन्मवेळ, उंची, गोत्र, मामाचं आडनाव, अपेक्षा. रात्री साडेदहाला शेवटचं स्थळ टाइप केलं, डोळे मिटत होते, आणि बंद करताना ‘अपडेट अँड शट डाउन’वर क्लिक झालं. पडद्यावर आलं, कॉम्प्युटर बंद करू नका. पस्तीस टक्के झाले. मी म्हटलं बसतो. आणि लाईट गेली. यूपीएसची बॅटरी दोन महिन्यांपूर्वीच मेली होती, आज आणू उद्या आणू म्हणत मीच ठेवली होती, तो दोष माझा. पण व्हायचं ते झालं. सकाळी गोल गोल फिरतंय, फिरतंय, मग निळा पडदा. गावातल्या पोराने फॉरमॅट मारला, आणि मारताना डी ड्राइव्हसुद्धा मारला. ‘तुम्ही सांगितलं नाही’ म्हणाला. ‘अपेक्षा: निर्व्यसनी, नोकरदार, पुणे-मुंबई चालेल’ हे वाक्य एका आठवड्यात मी दुसऱ्यांदा टाइप केलं. एकशे चाळीस वेळा. त्यांच्यातल्या अनेकांची लग्नं झाली असतील, पोरं शाळेत जात असतील. माझी मान अजून दुखते.

आणि जगातही हे झालेलं आहे, मी काही एकटा घाबरट नाही. ऑक्टोबर २०१८ मध्ये विंडोज १० चं मोठं अपडेट सोडलं, काही लोकांच्या डॉक्युमेंट फोल्डरातल्या फायलीच उडाल्या, आणि चार-पाच दिवसांत ते वाटप थांबवावं लागलं. ज्यांनी पहिल्या दिवशी उत्साहाने बटण दाबलं ते गेले. माझ्यासारखे ‘बघू’ म्हणणारे वाचले. तेव्हापासून कुठलंही अपडेट आलं की मी महिनाभर दुसऱ्यांना मरू देतो.

त्यात २०१५ ला विंडोजवाल्या मायक्रोसॉफ्टच्याच एका माणसाने परिषदेत सांगितलं होतं की विंडोज १० हे शेवटचं विंडोज. आता म्हणतील, तसं म्हणायचं नव्हतं, अर्थ वेगळा होता. आमच्याकडे लग्न मोडताना मुलाकडचेही असंच बोलतात. सहा वर्षांत, ५ ऑक्टोबर २०२१ ला, ११ हजर!

तरीही रात्री झोप येत नाही ती वेगळ्याच कारणाने. कारण भाच्याचं एक म्हणणं खरं आहे. मे २०१७ मध्ये ते वॉनाक्राय आलं, फायली कुलूपबंद करून खंडणी मागणारं. इंग्लंडमधली सरकारी इस्पितळं बंद पडायची वेळ आली. त्या भोकावरचं ठिगळ मार्चमध्येच दिलेलं होतं. ज्यांनी लावलं नाही, ते सापडले. माझ्या दुकानात दिवसाला वीस पेनड्राइव्ह येतात, त्यातले पाच तरी रोगट. लोकांची आधारकार्डं, सातबारे, बँकेची पासबुकं माझ्याकडे प्रिंटला येतात. उद्या काही झालं तर गाव मला विचारणार. हे मला कळतं. कळतं म्हणूनच जास्त चीड येते. सुरक्षेचं ठिगळ द्या ना, मी हात जोडून घेतो! त्याच्याबरोबर मधोमध सरकलेला टास्कबार कशाला? राइट क्लिक केल्यावर नेहमीची यादी ‘शो मोअर ऑप्शन्स’च्या मागे कशाला लपवली? पंचवीस वर्षं हाताला सवय झालेली, डोळे मिटून क्लिक करायचो. औषधाच्या गोळीबरोबर घरातली भांडी जागची हलवायची, ही अट कुठल्या डॉक्टरने घातली होती?

मधला रस्ता म्हणून एक्स्टेंडेड सपोर्ट आहे, १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत. ३० डॉलर द्या. किंवा फुकट पाहिजे तर तुमची सेटिंग्ज आमच्या क्लाउडवर ठेवा. किंवा मायक्रोसॉफ्टच्या बक्षीस योजनेतले हजार पॉइंट द्या. पॉइंट! मी काय साडीच्या दुकानात आलोय? आणि कंपन्यांना वेगळा दर, एका मशिनमागे पहिल्या वर्षी ६१ डॉलर, पुढे दरवर्षी दुप्पट. आता माझं दुकान घरगुती की कंपनी? दुकान घराच्याच ओटीवर आहे. त्यात त्यांचं खातं उघडून लॉगिन करायला लागतं. कुणाच्या नावाने उघडू? त्या कॉम्प्युटरवर मी बसतो, बायको बसते, सुट्टीत पुतण्या बसतो. एकदा पासवर्ड विसरला तर कोड माझ्या मोबाइलवर येणार, आणि मी असणार ऑफसेटवाल्याकडे, जिथे रेंजच नाही.

परवा भाचा म्हणाला, ‘घाबरू नका मामा, पटलं नाही तर परत जुन्यावर येता येतं.’ किती दिवस? दहा दिवस. दहा दिवसांनी जुनं विंडोज आपोआप साफ. म्हणजे दहावा घालून मोकळे. मला पत्रिकेच्या सीझनमध्ये दहा दिवसांत काय कळणार आहे? डोंगल नेमकं अकराव्या दिवशी नाटक करणार.

शेवटी मी काय केलं, आतल्या कॉम्प्युटरची नेटची वायरच काढून टाकली. बस म्हटलं गप. तर पहिल्याच दिवशी घोळ. मजकूर येतो व्हॉट्सअ‍ॅपवर, तो पुढच्या कॉम्प्युटरवर उतरवायचा, पेनड्राइव्हमध्ये घालायचा, आत न्यायचा, लावायचा. प्रूफ पाठवायचं तर तेच उलट. दुपारपर्यंत माझे वीस हेलपाटे झाले. बायको म्हणाली, ‘अहो, घाम पुसा आधी.’

पुढच्याचं मात्र अजून ठरत नाही. काल रात्री रागाच्या भरात डाउनलोडवर बाण नेला होता. बॅकअप काढलेला, यूपीएसची बॅटरी नवी, लाईट होती. तेवढ्यात सकाळचा तो नवरीचा बाप परत आला. म्हणाला, ‘दादा, आत्याबाईंचं नाव राहिलं निमंत्रकात, त्या रुसल्यात, आजच्या आज घाला.’ बाण खाली आणला. फॉर नाऊ दाबलं. आत्याबाई घातल्या.

भाचा शनिवारी येतो म्हणालाय. म्हटलं ये, जेवायला ये. कॉम्प्युटरला हात लावलास तर बघ, शनिवारी पाच पत्रिका द्यायच्यात.