दाजी, श्वास बघा

लिहायला बसलं की मन पळतं अशी तक्रार मेव्हण्यापुढं केली तर तो म्हणाला, "दाजी, रोज पहाटे आनापान करा." हा इगतपुरीला धम्मगिरीवर दहा दिवसांचं विपश्यनेचं शिबिर करून आलाय, चारला घंटा, पूर्ण मौन, वही-पेनसुद्धा चालत नाही. तेव्हापासून इतका शांत झालाय की त्याच्याशी भांडायला मजाच येत नाही.

आनापान म्हणजे मांडी घालायची, नाकातून आत-बाहेर होणारा श्वास बघायचा, बाकी काही करायचं नाही. पण आमची सांगली, त्यात पावसाळा! दोन श्वास झाले की कोयनेतून विसर्ग किती सोडला, कृष्णेवरच्या आयर्विन पुलाला ४० फुटांवर इशारा, ४५ ला धोका, आपली गाडी कुठं लावलीय. परत श्वासावर यावं तर कथेचं पहिलं वाक्य येतं. एरवी टेबलावर डोकं आपटून न सुचणारं, झकास वाक्य! मागोमाग दुसरं, आणि तिसऱ्यापर्यंत कथा दिवाळी अंकात छापून, भावे नाट्यमंदिरात माझा सत्कार चाललेला असतो आणि शाल जरा हलकीच दिलीय असं वाटून मी मनातल्या मनात नाराजही झालेला असतो.

म्हणून हळूच वहीकडं हात नेला, तर दारात बायको.

"झालं असलं तर दूध आणा."

"चालू आहे अजून."

"मग हात कशाला हलतोय?"

मेव्हण्यानं मग विनयपिटकातली, म्हणजे भिक्खूंच्या नियमांच्या बौद्ध ग्रंथातली, सोणाची गोष्ट सांगितली. श्रीमंताघरचं पोरगं, इतकं लाडाचं की तळपायांना केस आलेले. भिक्खू झाल्यावर येरझाऱ्या घालून ध्यान करता करता पाय रक्ताळले तरी काही हाती लागेना, तेव्हा घरी जावं म्हणाला. बुद्धांनी विचारलं, तू वीणा वाजवायचास ना, तारा फार ताणल्या तर नीट वाजायची का? आणि ढिल्या सोडल्या तर?

हे मला लगेच पटलं, कारण मिरजेच्या सतारमेकर गल्लीत तंबोऱ्याची जवारी, म्हणजे तारेचा नाद, लावताना मी बघितलीय. घोडीवर तारेखाली दोरा असतो, कारागीर तो केसभर इकडं, केसभर तिकडं सरकवत बसतो, आपल्याला काही फरक कळत नाही, आणि मग एकदम तार बोलायलाच लागते. तोवर माझी सांगलीची बस गेलेली, त्याला मात्र कसली घाई नाही.

"म्हणजे तासाऐवजी वीस मिनिटं चालतील की," मी म्हटलं.

"दाजी, सोणाचे आधी पाय रक्ताळले होते. तुमची अजून मांडी बसंना."

असो. हल्ली वही फ्रिजवर ठेवतो, म्हणजे बसल्या जागेवरनं हात पोचत नाही. ध्यान होऊन, दूध आणून, ते तापेपर्यंत जे आठवेल ते ओट्यावरच लिहायचं. बरीच वाक्यं वाटेतच गळतात आणि खरं सांगू का, गळालेल्यांत सत्काराचीच जास्त असतात. राहिलेल्यांची कथा होतीय, फक्त पानांवर सायीचे डाग आहेत आणि संपादकांना टाइप केलेलंच लागतं.