आमच्या शाळेतल्या दहा-बारा सावित्रीबाई

दरवर्षी ३ जानेवारीला आमच्या शाळेत दहा-बारा सावित्रीबाई येतात. नऊवारी, आडवं कुंकू, हातात पुस्तक. जन्म १८३१, गाव नायगाव, पहिल्या शिक्षिका, शेण मारलं, धन्यवाद. टाळ्या! पहाटे उठून लेकीला साडी नेसवणाऱ्या आयांना मी अजिबात नावं ठेवत नाही. पण त्याच मुलींना दुसऱ्या दिवशी वर्गात विचारलं, "मुलींची शाळा काढली तर लोकांना एवढा राग का आला असेल?" सगळ्या गप्प.

त्याला त्या काय करणार? आपणच त्यांना 'पहिल्या' शिकवतो. पहिल्या शिक्षिका, पहिल्या अमक्या, पहिल्या तमक्या. पेपरात जोड्या लावा, दोन मार्क.

म्हणून यंदा सहावीला मी रखमाबाईंचा खटला सांगितला. सलग दोन तास घेतले. अकराव्या वर्षी लग्न. पुढे शहाणपण आल्यावर त्या म्हणाल्या, या नवऱ्याकडे नांदायला जाणार नाही. नवरा, दादाजी भिकाजी, १८८४ मध्ये कोर्टात गेला. पहिला निकाल रखमाबाईंच्या बाजूने लागला, अपिलात फिरला. १८८७ मध्ये कोर्टाने सांगितलं, नांदायला जा, नाहीतर सहा महिने कैद. त्या म्हणाल्या, कैद चालेल.

इथे मी मुद्दाम थांबले. एरवी खिडकीबाहेर बघत बसणारा मागच्या बाकावरचा मुलगा म्हणाला, "बाई, पण लग्न लावताना तिला कोणी विचारलेलं का?" मग एकीने विचारलं, टिळक कोणाच्या बाजूने होते? क्षणभर अडखळले, पण खरं तेच सांगितलं. 'केसरी'ने रखमाबाईंना कडाडून विरोध केला होता. मुलांनी ऐकून घेतलं. काही बिघडलं नाही.

स्टाफरूममध्ये मात्र बिघडलं. "एवढ्याशा पोरांना नवरा-बायकोची भांडणं कशाला?" अहो, माझ्या वर्गातल्या मुली अकरा वर्षांच्याच आहेत! रखमाबाईंचं लग्न लावलं तेव्हा त्या एवढ्याच होत्या. हे मुलींच्या लगेच लक्षात आलं, मला सांगावंही लागलं नाही.

१८८८ मध्ये दोन हजार रुपये देऊन तडजोड झाली, रखमाबाई लंडनला शिकल्या, १८९४ मध्ये डॉक्टर होऊन परतल्या. सुरत, राजकोटमध्ये वर्षानुवर्षं बायकांवर उपचार केले. हे पाच मिनिटांत आटोपलं. मुलं अजून खटल्यातच अडकली होती, आणि मला तेच हवं होतं. पुढच्या महिन्यात उषा मेहता घेणार आहे. १९४२ साल, बावीस वर्षांची मुलगी, याच मुंबईत जागा बदलत चोरून रेडिओ चालवते.

परवा म्युझियमची सहल होती. बस फोर्टातून जाताना मी हायकोर्ट दाखवलं. १८७८ पासूनची तीच इमारत. सगळा वर्ग एका बाजूच्या खिडक्यांवर. ड्रायव्हरकाका ओरडले, बसा रे खाली! कोणी बसेना. "बाई, कुठल्या खोलीत?"

खोली मलाही माहीत नाही. शोधून सांगते म्हटलंय.