‘नागपूरवाल्यांनी समुद्र कधी पाहिलाय?’ या अभिप्रायाला आमचं उत्तर

नमस्कार दादा,

आमच्या कादंबरीच्या तुमच्या प्रतीची पानं दोन दिवसांत सुटली, त्याबद्दल मनापासून माफी मागतो. पाठीला गोंद नीट बसला नाही की असं होतं. चूक आमची आहे. पुस्तक नागपुरात बर्डीवरच्या आमच्या दुकानी आणून द्या, बिल नसलं तरी नवी प्रत देऊ. 350 रुपये जास्त वाटले, त्यावर वाद घालत नाही.

पण ‘पौर्णिमेला उधाण असतं, पाणी चढतं, मग फरार माजी सैनिक मध्यरात्री बेटावरून चालत किनारा कसा गाठेल? नागपूरवाल्यांनी समुद्र कधी पाहिलाय?’ हे लागलं.

उधाणाला पाणी नुसतं चढत नाही, तेवढंच खालीही उतरतं. अलिबागच्या पट्ट्यात अमावास्या-पौर्णिमेला भरती-ओहोटीत 4 मीटरच्या आसपास फरक पडतो. अष्टमीच्या सुमारास, भांगाला (म्हणजे कमी जोराच्या भरती-ओहोटीला), तो बराच कमी होतो, आणि कादंबरीतली ती खडकाळ वाट पाण्याखालीच राहते. म्हणून तर तो अष्टमीपासून आठवडाभर अर्धपोटी बेटावर थांबतो!

आता वेळेचं. कोकणात तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते. पौर्णिमेचे 15, त्याची पाऊणपट सव्वाअकरा. रात्री सव्वाअकराला पूर्ण भरती, तिथून सव्वासहा तासांनी, म्हणजे पहाटे साडेपाचला, पूर्ण ओहोटी. हिशेब ढोबळ आहे, अर्धा-पाऊण तास मागेपुढे होतो. पण ओहोटीच्या आधीच्या आणि नंतरच्या तासात पाणी फारसं हलत नाही, जोर असतो तो मधल्या तासांत, त्यामुळे तेवढी सवड मिळते. तो सव्वापाचला निघतो. वाट 700 मीटरची, शेवाळाची, म्हणून अर्धा तास धरला आहे. जानेवारीत तिथे सूर्य सातनंतर उगवतो, अंधारही पुरतो. पश्चिमेला टेकलेला चंद्र पाठीशी असतो, त्याचं पुढे काय होतं ते इथे सांगत नाही, बाकीच्या वाचकांचा रस जाईल. अलिबागच्या कुलाबा किल्ल्यात आजही लोक ओहोटीला चालतच जातात.

मध्यरात्री तो चालत नाही, पाणी कधी उतरतं हे पाहत बसलेला आहे. तुमच्या फोटोत सुटलेली पानं 209 ते 216 दिसतात, आणि निघण्याची वेळ नेमकी 212 वर आहे. ते पान तुमच्या वाचनातून निसटलं असेल तर तो दोषही आमच्याच बांधणीचा. पुढच्या आवृत्तीत वेळ प्रकरणाच्या सुरुवातीलाच घ्यायचं बघतो, नकाशाचंही बोलणं चालू आहे.

आमची आवृत्ती 500 प्रतींची. एक स्टार फार जड जातो. नवी प्रत मिळाली की पान 212 वाचा आणि पटलं तर त्या एका वाक्याचा पुन्हा विचार करा, एवढी विनंती. दुकान सकाळी 11 ते रात्री 8, रविवारी बंद.