सी ड्राइव्ह लाल झाला म्हणून विंडोज खरवडू नका

‘सी ड्राइव्ह लाल झालाय? इंजिनिअरला एक रुपयाही देऊ नका, ५ मिनिटांत ५० जीबी मोकळे करा!’ अशी सुरुवात, मध्ये सात युक्त्या आणि शेवटी ‘सर्व ग्रुपवर पाठवा’सोबत जोडलेले हात. हा संदेश माझ्याकडे तीनदा आला. तिसऱ्यांदा धाकट्या मामेभावाकडून. त्याचं लग्नपत्रिका आणि फ्लेक्स छपाईचं दुकान आहे. त्यानं तो नुसता पुढे ढकलला नाही, आधी स्वतःच्या पीसीवर करून पाहिला. ऐन लग्नसराईत रात्री साडेदहाला फोन: ‘‘दादा, फोटोशॉप उघडेना. आणि जागा म्हणशील तर चार जीबी पण नाही झाली.’’

म्हणून सातही युक्त्या एकदा नीट तपासू या. सगळ्याच खोट्या नाहीत, आणि गोम तिथेच आहे. दोन खऱ्या निघाल्या की माणूस उरलेल्या पाच डोळे मिटून करतो.

पहिली युक्ती: विंडोजचं बटण आणि आर दाबून ‘टेम्प’, ‘%टेम्प%’ आणि ‘प्रीफेच’ हे तिन्ही फोल्डर उघडा आणि रोज सगळं डिलीट करा. यातले टेम्पचे दोन्ही फोल्डर रिकामे करायला हरकत नाही. उघडे प्रोग्रॅम बंद करायचे, नुकतंच काही इन्स्टॉल केलं असेल तर पीसी एकदा रीस्टार्ट करायचा, मग सगळं निवडून काढायचं. जी फाइल वापरात आहे ती निघत नाही, तिथे ‘स्किप’ म्हणायचं. भावासारख्याला तर याचा खरा फायदा. फोटोशॉप मोठ्या फाइलवर काम करताना डिस्कवर तात्पुरती फाइल मांडून बसतं. मध्येच वीज गेली किंवा प्रोग्रॅम कोसळला की ‘फोटोशॉप टेम्प’ नावाची ती फाइल मागे राहते, आणि अशी एकेक फाइल काही जीबींची असू शकते. त्याला जे काही मिळालं ते इथूनच.

प्रीफेचची गोष्ट वेगळी. २००१ च्या एक्सपीपासून विंडोज तिथे टिपणं ठेवतं, की अमुक प्रोग्रॅम सुरू होताना डिस्कवरून काय काय वाचावं लागतं. म्हणजे पुढच्या वेळी ते लवकर उघडतं. या टिपणांच्या संख्येला मर्यादा आहे, विंडोज ८ पासून ती १०२४, आणि एकेक टिपण काही केबींचं. पूर्ण फोल्डर मिळून सहसा काही दहा एमबी. तो रोज रिकामा करणं म्हणजे रात्री मिसळणाचा डबा धुऊन फडताळात पालथा घालायचा आणि सकाळी तेल तापल्यावर मोहरी शोधत फिरायचं. बरं, विंडोज तो पुन्हा भरतंच.

दुसरी युक्ती सगळ्यांत घातक: ‘विंडोज फोल्डरमध्ये विनएसएक्सएस नावाचा १०-१२ जीबीचा जुना कचरा असतो. परवानगी मागितली तर ओनर बदला आणि उडवा.’ हा कचरा नाही. विंडोजच्या घटक फाइलींचं हे कोठार आहे. अपडेट बसवायला, बिघडलेली फाइल दुरुस्त करायला विंडोज इथूनच माल काढतं. शिवाय दिसणारा आकडा फसवा. इथल्या बऱ्याचशा फाइली आणि सिस्टम३२ या विंडोजच्या मुख्य फोल्डरमधल्या फाइली डिस्कवर एकच आहेत, फक्त नावं दोन ठिकाणी लावलेली. फोल्डर दाखवणारा एक्सप्लोरर त्या दोन्हीकडे मोजतो. सातबाऱ्यावर चार भावांची नावं लागली म्हणून शेत चौपट होत नाही, तसंच हे. खरंच जुन्या झालेल्या आवृत्त्या काढायच्या तर डिस्क क्लीनअप हे विंडोजचंच सफाईचं साधन उघडून ‘क्लीन अप सिस्टम फाइल्स’ दाबायचं आणि ‘विंडोज अपडेट क्लीनअप’वर खूण करायची. काय काढता येईल ते विंडोजलाच ठरवू द्यावं. आणि एखादा फोल्डर काढायला आधी त्याची मालकी हिसकावून घ्यावी लागत असेल, तर तिथंच हात आखडता घ्यावा.

तिसरी: ‘पेजफाइल आणि हायबरफिल या दोन लपलेल्या फाइली काढून टाका.’ दोन वेगळ्या गोष्टी एका दोरीत बांधल्यात. हायबरफिल ही हायबरनेटसाठीची, म्हणजे उघडं काम डिस्कवर जपून पीसी बंद करण्यासाठीची फाइल. विंडोज १० मध्ये ती साधारण रॅमच्या ४० टक्के जागा धरते. १६ जीबी रॅम असेल तर जवळजवळ साडेसहा जीबी. दुकानातल्या डेस्कटॉपला हायबरनेट लागत नाही, तेव्हा तो बंद करणं रास्त. पण संदेशात सांगितलंय तसं पेन ड्राइव्हवरून पीसी सुरू करून फाइल उडवायची गरज नाही, तसं केलं तर ती परत तयार होते. कमांड प्रॉम्प्ट ‘रन अ‍ॅज अ‍ॅडमिनिस्ट्रेटर’नं उघडून ‘पॉवरसीएफजी /एच ऑफ’ (powercfg /h off) अशी एक ओळ द्यायची, फाइल आपोआप जाते. सोबत फास्ट स्टार्टअपही जातो, पीसी सुरू व्हायला थोडा जास्त वेळ घेतो. लॅपटॉपवर मात्र मी हे करणार नाही. बॅटरी संपत आली की उघडं काम वाचवायला हायबरनेटच धावून येतो.

पेजफाइलला हात लावू नये. रॅम अपुरी पडली की विंडोज तिच्याकडे वळतं. कोरल हा पत्रिका मांडायचा प्रोग्रॅम, फोटोशॉप आणि वीस टॅबवाला क्रोम एकत्र चालवणाऱ्याने ती बंद केली, तर एक दिवस ‘मेमरी कमी आहे’ म्हणत डोळ्यांदेखत कोरल बंद होईल, आणि सेव्ह न केलेली पत्रिकाही त्याच्यासोबत जाईल. दुसरी स्वतंत्र डिस्क असेल तर पेजफाइल तिकडे हलवता येते, तेवढं पुरे.

चौथ्या युक्तीनं भावाचा घात केला: ‘प्रोग्रॅम फाइल्समधले मोठे फोल्डर कट करून डी ड्राइव्हमध्ये पेस्ट करा.’ फोटो, पीडीएफ असे हलवता येतात, प्रोग्रॅम नाही. प्रोग्रॅमचा पत्ता रजिस्ट्रीत, म्हणजे विंडोजच्या नोंदवहीत असतो, त्याचे सुटे भाग आणखी चार फोल्डरांत असतात, शॉर्टकट जुन्याच दाराशी जाऊन उभे राहतात. फोल्डर परत जागच्या जागी ठेवल्यावर त्याचं फोटोशॉप उघडलं, पण फॉन्टचा एक प्रोग्रॅम नव्यानं टाकावा लागला. खरा मार्ग म्हणजे अनइन्स्टॉल करून पुन्हा इन्स्टॉल करताना डीचा पत्ता देणं. त्याहून सोपं, प्रोग्रॅम सीवरच ठेवून माल हलवावा. डाउनलोड्स किंवा डॉक्युमेंट्सवर राइट क्लिक, प्रॉपर्टीज, ‘लोकेशन’ टॅब, आणि तिथे डीवरचा फोल्डर. डेस्कटॉपलाही हीच सोय आहे. डेस्कटॉपवर टाकलेली फाइल सी ड्राइव्हवरच बसते, हे कित्येकांच्या गावीही नसतं.

इथे जरा थांबून दुकानदारांबद्दल बोलायला हवं. पीसी जोडून देताना ५०० जीबीच्या डिस्कचे तुकडे पाडून सीला १०० जीबी द्यायचे ही जुनी सवय अजून सुटलेली नाही. एक्सपीच्या काळी ते चालून गेलं. आज विंडोज, अपडेट, कोरल, फोटोशॉप एवढ्यानंच १०० जीबी भरत येतात, आणि पलीकडे डी अर्धा रिकामा असतो. विंडोजच्या डिस्क मॅनेजमेंटमधून सी वाढवायचा तर त्याला लागूनच उजवीकडे मोकळी जागा हवी. सी आणि मोकळ्या जागेच्या मधोमध डी बसलेला असेल तर ‘एक्स्टेंड’ उजळतच नाही. मग डीवरचा सगळा माल बाहेरच्या डिस्कवर काढायचा, डी काढून टाकायचा, सी वाढवायचा, उरलेल्यात डी पुन्हा पाडायचा. एक रविवार जातो, पण लाल पट्टी कायमची मिटते.

पाचवी, ‘डिफ्रॅग करा, जागा वाढते.’ नाही वाढत. डिफ्रॅग विखुरलेले तुकडे एकत्र आणतो, एकही बाइट कमी करत नाही. एसएसडीवर, म्हणजे फिरती तबकडी नसलेल्या नव्या डिस्कवर, तर त्याची गरजच नाही.

सहावी, ‘मोफत रजिस्ट्री क्लीनर टाका, कित्येक जीबी निघतील.’ मुळात सगळी रजिस्ट्री मिळून काही शे एमबींच्या आत असते. त्यातल्या मेलेल्या नोंदी काढून केबी मिळतील, आणि चुकीची नोंद गेली तर प्रोग्रॅम अडेल. मायक्रोसॉफ्टही अशा क्लीनरच्या वापराला पाठिंबा देत नाही. २०१७ मध्ये सीक्लीनर या नावाजलेल्या क्लीनरच्या ५.३३ आवृत्तीतच घुसखोरांनी घातक कोड मिसळला होता, आणि ती २२ लाखांहून अधिक पीसींवर पोहोचली होती. नावाजलेल्यांची ही कथा, तर अनोळखी लिंकवरच्यांचं काय सांगावं.

सातवी युक्ती नव्हे, तक्रार: ‘१ टीबीच्या डिस्कवर ९३१ जीबीच दिसतात, उरलेली जागा व्हायरस खातो.’ कंपनी १ टीबी म्हणजे एकावर बारा शून्य एवढे बाइट मोजते. विंडोज त्याला १०२४ नं तीनदा भागतं, उत्तर ९३१ येतं आणि तरी पुढे जीबीच लिहितं. ५१२ चे ४७६ होतात तेही यानंच.

मग भावाची जागा गेली कुठे? विनडरस्टॅट नावाचा मोफत प्रोग्रॅम चालवला. डिस्कवरची प्रत्येक फाइल तो रंगीत चौकोनात दाखवतो, जेवढी फाइल मोठी तेवढा चौकोन मोठा. गोधडी पसरल्यासारखी दिसते, आणि मोठी ठिगळं लगेच डोळ्यांत भरतात. पहिलं ठिगळ डाउनलोड्सचं: गिऱ्हाइकांनी व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलेले तेच फोटो तीन-तीनदा उतरवलेले. दुसरं कोरलचं: प्रत्येक फाइलशेजारी ‘बॅकअप ऑफ’नं सुरू होणारी जुळी फाइल, २०१९ पासूनच्या पत्रिकांची. तिसरं विंडोज.ओल्ड, म्हणजे जुन्या विंडोजचा राखून ठेवलेला फोल्डर. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा आधार संपला म्हणून त्यानं गेल्याच आठवड्यात ११ घेतलं होतं. हा फोल्डर दहा दिवसांनी आपोआप जातो. घाई असेल तर डिस्क क्लीनअपमधून काढावा, पण मग जुन्या विंडोजवर परतता येत नाही.

डिस्क क्लीनअप वापरताना एक जपायचं. विंडोज १० च्या १८०९ आवृत्तीत त्या यादीत ‘डाउनलोड्स’ही घातलं होतं, पुढे ते काढलं. ज्यांच्याकडे ती जुनी आवृत्ती अजून आहे त्यांनी सगळ्या चौकटींवर सरसकट खुणा केल्या, तर गिऱ्हाइकांचे फोटो रिसायकल बिनमध्येही न थांबता जातील.

पत्रिका बाहेरच्या डिस्कवर गेल्या, जुळ्या फाइली आणि दुबार फोटो निघाले, रिसायकल बिन रिकामा केला. पट्टी निळी झाली. चौथं ठिगळ तेवढं राहिलं, ३८ जीबींचं: वहिनीच्या आयफोनचा बॅकअप, तीन वर्षांपूर्वी कधीतरी दुकानाच्या पीसीला फोन जोडला तेव्हाचा. तो ठेवायचा की काढायचा हे वहिनी ठरवणार. ती माहेरी गेली आहे.