शॉकरवालीच घ्या!

पोरगं 7 वर्षांचं झालं, वाढदिवस तोंडावर आला, आजोबांनी 10 हजारांचं पाकीट काढून ठेवलं. आता एकच पथ्य पाळा: साध्या चिमट्याची, म्हणजे पुढचं चाक धरणाऱ्या दांड्यांत धक्के झेलणारी स्प्रिंग (शॉकर) नसलेली, सायकल घेऊन घरी येऊ नका. आमच्या इंदूरच्या सुदामा नगरात तोंड दाखवायची सोय उरणार नाही. शेजारचे काका फाटकातूनच विचारतील, "शॉकर नाही घेतला?" आणि "नाही" म्हणताना तुमचा आवाज असा पडेल, जसं काही फी थकली म्हणून पोराचं नाव शाळेतून काढलंय.

दुकानात गेल्यावर पोराला सायकल चालवून बघू देऊ नका. ती चालवायची वस्तू नाही, दाबायची आहे. कशी दाबायची ते दुकानदारच दाखवतो. पुढचा ब्रेक आवळायचा, हँडलवर दोन्ही तळवे रोवायचे आणि पोहे-जिलबीवर पोसलेला 80 किलोंचा देह त्यावर लोटून द्यायचा. शॉकर फुस्सकन खाली जातो, टण्णकन वर येतो. "देखा भिया? मक्खन!" मग तुम्ही दाबा. मग आजोबांना दाबू द्या. पोराने दाबलं तर काहीच हलत नाही, पण त्या वेळी त्याच्याकडे बघतंय कोण? त्याचं वजन 22 किलो, त्यातलं निम्म्याहून जास्त मागच्या चाकावर. पुढच्या स्प्रिंगच्या वाट्याला येतात जेमतेम 9-10 किलो. ती स्प्रिंग दुकानदाराला ओळखते, पोराला नाही.

चालवणारा नुसता बसला तरी शॉकर आपल्या एकूण चालीच्या, म्हणजे जास्तीत जास्त जितका दबू शकतो त्याच्या, पाचव्या-चौथ्या हिश्शाइतका खाली यायला हवा, असं जाणकार म्हणतात. जाणकारांच्या नादी लागू नका. मी लागलो. लेकीच्या केसांचं एक रबर शॉकरच्या चकचकीत नळीवर, अगदी तळाशी चढवलं. शॉकर जितका दबेल तितकं ते वर सरकणार. चिरंजीव आठवडाभर हिंडले. कॉलनीतले तिन्ही स्पीडब्रेकर झाले, पाइपलाइनसाठी खणून अर्धवट बुजवलेली चर झाली, एकदा तर फुटपाथवरून थेट रस्त्यावर उडीही झाली. रबर किती सरकलं? करंगळीच्या नखाएवढं. रविवारी मामा आले, "वा, शॉकर!" म्हणून हँडलवर एकदा टेकले, आणि रबर सरळ वरच्या टोकाला जाऊन अडकलं. एवढ्यावरून शॉकर बिघडलाय असं समजू नका. तो मामांसाठी आहे.

वजनाची काळजी तर अजिबात करू नका. साध्या चिमट्याच्या मानाने शॉकर किलोभर तरी जड, आणि आमची सगळी सायकल मिळून भरते 16 किलो. 22 किलोंच्या पोराला 16 किलोंची सायकल, म्हणजे तुमच्या 75 किलोंना साधारण 55 किलोंची. सिहोरच्या शरबती गव्हाचं पोतं 50 किलोंचं असतं. ते कॅरियरवर नाही, सायकलच तेवढी जड आहे असं समजून पुलाचा चढ चढून बघा. पोर धापा टाकत खाली उतरलं की म्हणायचं, "हल्लीच्या मुलांत दमच नाही."

कुणी शहाण्याने विचारलंच, की लहान पोराला हे कशाला, तर इतिहास ऐकवा. 1989 साली अमेरिकेत पॉल टर्नरच्या रॉकशॉक्स कंपनीने आरएस-1 नावाचा शॉकर काढला, आणि 1990 मध्ये कोलोरॅडोतल्या ड्युरँगोला माउंटन बाइकची पहिली अधिकृत जागतिक स्पर्धा झाली तेव्हा शॉकर डोंगरावर पोचलेलेही होते. त्या आरएस-1ची चाल पुरती दोन इंचही नव्हती, पण आत हवा होती आणि तेल होतं, हा फालतू तपशील मात्र गाळा. स्प्रिंग दबली की तितक्याच जोरात उसळते. ती उसळी आवरायचं काम तेलाचं. आपल्या शॉकरमध्ये तेल नाही. आहे ती स्प्रिंग, चिमूटभर ग्रीस आणि बाहेरून लाल स्टिकर.

डोंगराचं विचाराल तर रालामंडल आहे, जानापाव आहे. पण तिकडे नेऊ नका. आमच्या सायकलच्या पुस्तिकेत शेवटच्या पानावर मुंगीएवढ्या अक्षरात लिहिलंय की ही सायकल फक्त पक्क्या रस्त्यासाठी आहे. आणि पक्का रस्ता म्हणजे आपला, 2017 पासून स्वच्छतेच्या पहिल्या नंबराला चिकटून बसलेल्या इंदूरचा. चाकाखाली यायला खडासुद्धा शिल्लक ठेवत नाहीत.

टायरमध्ये हवा दगडासारखी भरा, 40-45 पौंड. रुंद टायरमध्ये 20-25 पौंडच ठेवली तर टायरच खड्डे गिळतो, पोराचे हात झिणझिणत नाहीत, आणि मग शॉकरला कोण विचारणार? ब्रेकच्या दांड्यापर्यंत पोराची बोटं पोचतात का, तेही बघत बसू नका. पैसे शॉकरला दिलेत. ब्रेकला, हबच्या छर्‍र्‍यांना काय उरणार?

शिवाय पहिला पावसाळा व्हायचाय. नळीवरच्या रबरी टोपीतून पाणी आत शिरतं, ग्रीस धुपून जातं, गंज चढतो आणि दिवाळीपर्यंत शॉकर जाम होतो. मी तो घेऊन गेलो तेव्हा मेकॅनिकने दोनदा ठोकला, कान लावला आणि म्हणाला, "भिया, इसका सामान नहीं आता, पूरा नया डलेगा." थोडक्यात, आता आपल्याकडे साध्या चिमट्याची सायकल आहे, फक्त किलोभर जड.

आमचे चिरंजीव हल्ली समोरच्या ताईची जुनी गुलाबी सायकल पळवतात. पुढे टोपली, साधा चिमटा, घंटी तेवढी वाजत नाही. शाळेतून आले की दप्तर फेकून तिच्याकडेच.

आपली शॉकरवाली जिन्याखाली आहे. पाहुणे आले की फडकं मारून बाहेर काढतो. नवा शॉकर बसवून घेतलाय. या एकदा, दाबून बघा.