टायर बदलताना गाडीचे मत विचारू नये

गाडीचे टायर गोटा झाले, की घरात लग्न ठरवण्यासारखे वातावरण होते. फरक एवढाच, की लग्नात निदान पत्रिका बघतात. तशी गाडीचीही पत्रिका असते. ड्रायव्हरच्या बाजूचे दार उघडा. दार मिटल्यावर जिथे टेकते त्या खांबावर बहुतेक गाड्यांना एक कागद चिकटवलेला असतो. टायरचा आकार कोणता आणि पुढच्या-मागच्या चाकांत हवा किती, ते त्यावर छापलेले असते. तो कागद मुळीच वाचू नका. वाचला तर सगळा प्रश्न पाच मिनिटांत सुटतो, मग महिनाभर बोलायचे कशावर? आमच्या गाडीवरचा मी सात वर्षे वाचला नव्हता. रोज त्याच्यासमोरून आत-बाहेर करत होतो, पण ओळख दाखवली नाही.

आता वेळ झाली की नाही ते कसे ठरवायचे? टायरच्या खाचांत मधूनमधून रबराची बारीक उंचवटी असते. झीज तिथवर पोचली, म्हणजे खाच १.६ मिलिमीटर उरली, की कायद्याच्या दृष्टीने टायर संपला. हा कायदा ज्यांना खाली वाकता येते त्यांच्यासाठी आहे. इतरांनी आतली तार दिसेपर्यंत थांबावे. फोंड्यातल्या माझ्या पंक्चरवाल्याने एकदा चाकावरून अंगठा फिरवून निकाल दिला होता, "हो टायर न्हय पात्रांव, पापड." तरी मी तो पापड पुढे चार महिने चालवला, कारण मे संपत आला होता, आणि नवे टायर पावसानंतरच घालायचे असा आपल्याकडे संकेत आहे. जूनमध्ये नवे टायर घालणे म्हणजे कोरी चप्पल घालून शेतात उतरणे. गोव्यात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक या चार महिन्यांतच. खाचांचे कामच मुळी हे पाणी चाकाखालून बाजूला सारण्याचे. खाच नसली की चाक रस्ता सोडून पाण्यावर चालते, स्टिअरिंग हाताला एकदम हलके लागते आणि ब्रेक ही श्रद्धेची बाब होते. पण ऑक्टोबरात, रस्ता खडखडीत कोरडा झाल्यावर, खोल खाचांचे काळेभोर टायर किती शोभून दिसतात ते बघा. शिवाय गणेश चवथीपूर्वी खड्डे बुजवण्याची घोषणा दरवर्षी होतेच. टायरनेही तेवढा धीर धरावा.

सल्ला मात्र सगळ्यांचा घ्या. त्या बाबतीत गोव्यासारखा सुपीक प्रदेश नाही. उसगावला एमआरएफचा टायरचा कारखाना आहे, त्यामुळे अंत्रुज महालात, म्हणजे आमच्या फोंडा तालुक्यात, निम्म्या घरांतला कोणी ना कोणी तिथे नोकरीला आहे, होता, किंवा त्याच्या गेटसमोरून रोज बसने जातो. एवढ्यावर माणूस रबराचा जाणकार होतो. माझे एक आते-मेहुणे तिथल्या कॅन्टीनला नारळ घालायचे. टायरची भिंत अंगठ्याने दाबून ते आजही आयुष्य सांगतात. हसू नका. ही कंपनी १९४६ साली मद्रासमध्ये सुरू झाली ती मुलांचे फुगे करण्यासाठी. आणि हवेचा टायर १८८८ मध्ये बेलफास्टला ज्या डनलॉपने पोराच्या तीनचाकी सायकलला बसवला, तो पेशाने गुरांचा डॉक्टर. एवढी परंपरा पाठीशी असताना नारळवाल्याने मागे का राहावे?

टायरच्या अंगावर लिहिलेले आकडे ही पुढची अडचण. आमच्या गाडीचे १५५/८० आर १३, ७९ टी. यातले १५५ म्हणजे मिलिमीटरमध्ये रुंदी. ८० म्हणजे टायरच्या भिंतीची उंची, रुंदीच्या ऐंशी टक्के, म्हणजे १२४ मिलिमीटर. १३ म्हणजे रिम किती इंची. ७९ हा वजनाचा आकडा, त्याचा अर्थ एका टायरने ४३७ किलो पेलायचे. टी म्हणजे ताशी १९० किलोमीटरपर्यंत. एवढ्यातले शेवटचे अक्षर तेवढे लक्षात ठेवा आणि चारचौघांत सांगा. बाणस्तारीच्या बाजारात ताशी आठने सरकणाऱ्या माणसाला आपले टायर १९० चे आहेत ही भावना फार आधार देते. ४३७ चे काय करायचे? काही नाही. चवथीला पाच माणसे, गणपतीवर टांगायच्या माटोळीचे सामान, दोन पोती नारळ आणि मांडीवर गणपती असे निघाल्यावर कोण हिशेब करतो.

दुकानात गेलात की आकड्यांचा आणखी एक खेळ असतो. टायरच्या एका बाजूला लंबगोलात चार आकडे दाबलेले दिसतात. पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. "आजच माल उतरवलाय, अजून गरम आहे," असे म्हणत माझ्यापुढे जो टायर ठेवला गेला, त्यावर ३४२० होते. २०२० सालचा चौतिसावा आठवडा. मी मोबाइलवर कॅलेंडर काढले. ऐन चवथीचा आठवडा निघाला! कोविडच्या त्या वर्षी आम्ही दारे लावून दीड दिवसाचा गणपती उरकत होतो, तेव्हा हा टायर साच्यातून बाहेर पडून कुठल्या तरी गोदामात आडवा झाला होता. पाच वर्षे नुसते पडून राहिले तरी रबर कडक होते. तुम्ही मात्र असले काही बघू नका, दुकानदार दुखावतो. आणि बघायचेच असेल तर टायर रिमवर चढवण्याआधी बघा. तारीख पुष्कळदा एकाच बाजूला असते, आणि ती बाजू आत कशी जाते हे मला आजवर कळलेले नाही.

२२ सप्टेंबर २०२५ पासून टायरवरचा जीएसटी अठ्ठावीसवरून अठरा टक्क्यांवर आला. वाचलेल्या पैशांचे काय करायचे, असा प्रश्न पडत असेल तर समोरच्या भिंतीकडे बघा. तिथे अलॉय, म्हणजे मिश्रधातूची चकचकीत चाके, टांगलेली आहेत.

इथे मी जरा सविस्तर बोलणार, कारण इथेच मी स्वतः सल्ला पाळला. छोट्या गाडीची मूळ लोखंडी चाके दिसायला अगदीच गरीब. वर प्लास्टिकची व्हील कॅप, ती खड्ड्यात उडून जाते म्हणून झिप टायने बांधलेली, तीही चार जागी दोन रंगांची. शेजारच्या मुलाची गाडी डायमंड कट अलॉयवर उभी, आणि आपली अशी. दुकानातला मुलगा म्हणाला, "अंकल, १९५/५० आर १५ घाला. बाहेरची उंची तीच." खरे बोलत होता. जुने चाक बाहेरून ५७८ मिलिमीटर, हे ५७६. स्पीडोमीटर बिघडणार नाही, ओडोमीटर खोटे बोलणार नाही. (वाटेल त्या मापाचा मोठा टायर घातला तर काटा साठ दाखवतो आणि गाडी चौसष्टने पळत असते. पण पुढेमागे गाडी विकायची असेल तर ती पळाल्यापेक्षा कमी पळालेली दिसते. हा फायदा विसरू नये.) मग रिम दोन इंचांनी वाढली आणि बाहेरची उंची तशीच राहिली, तर कमी काय झाले? रबर. १२४ मिलिमीटरची भिंत साडेसत्त्याण्णववर आली. हे मी घरी येऊन पाठकोऱ्या कागदावर काढले, पैसे देऊन झाल्यावर. गणिताला तीच वेळ योग्य.

ही गेलेली सव्वीस मिलिमीटर म्हणजे कमरेची उशी. गोव्यात सरळ रस्ता दिसला की त्यावर रंबलर, म्हणजे गाडी खडखडवणारे आडवे पट्टे, मारतात. शाळा, देऊळ, चॅपेल, तिठा, काहीही चालते. पूर्वी ते ऐकू यायचे. आता दाढेत कळतात. सौ. म्हणाली, "गाडी बदलली का हो तुम्ही?" मी म्हटले, "याला स्पोर्टी म्हणतात." ती पुढच्या वळणापर्यंत काही बोलली नाही. मग म्हणाली, "कवळी सैल झाली तर आईंना काय सांगायचं ते तुम्हीच बघा."

आणखी फायदे आहेत. चाक रुंद आणि जड, म्हणून पेट्रोल थोडे जास्त. चाक मडगार्डच्या बाहेर डोकावेल अशा बेताने घेतले तर पावसात तांबडा चिखल थेट काचेपर्यंत उडतो आणि गाडी कुठल्या गावाहून आली ते विचारावे लागत नाही. लोखंडी रिम खड्ड्यात वाकली तर पंक्चरवाला हातोड्याने ठोकून शंभर-दोनशेत सरळ करून देतो. अलॉयला तडा जातो, म्हणजे पुन्हा खरेदीचा आनंद. आणि त्या डायमंड कटवरच्या पारदर्शक थराला एक खडा लागला, की आपली खारी हवा आत शिरून पांढरी कोळिष्टके काढते. मिरामारला समुद्राकडे तोंड करून गाडी लावणाऱ्यांना ही नक्षी फुकट मिळते.

चारऐवजी दोनच टायर घ्यायचे असतील तर नवे पुढे घाला. सगळे तसेच सांगतात: इंजिन पुढे, स्टिअरिंग पुढे, मालक पुढे. टायर बनवणारे उलट सांगतात, नवे मागे घाला, कारण ओल्या वळणावर मागची झिजलेली चाके सुटली तर गाडी गर्रकन फिरते आणि ती आवरणे तुमच्या-माझ्या हातातले नसते. पण त्यांना अनमोड घाटातली मजा काय माहीत? आपण कुठून आलो ते तिथे गाडी स्वतःच वळून बघते. काही टायरांवर फिरण्याच्या दिशेचा बाण असतो, तो शोभेचा समजा. अलाइनमेंट करू नका. टायर एका कडेने झिजला की उरलेली कड नवीच राहते. हवा नायट्रोजनचीच भरा, व्हॉल्व्हला हिरवे टोपण मिळते. साध्या हवेत अठ्ठ्याहत्तर टक्के नायट्रोजन असतोच, हे पंपावरच्या मुलाला सांगितले तर तो उरलेल्या बावीस टक्क्यांचे पैसे मागेल.

राहिली स्टेपनी. वेल्समधल्या लानेली गावात स्टेपनी नावाचा रस्ता आहे. तिथे १९०४ च्या सुमारास दोघा भावांनी जादा चाक विकायला काढले. त्या रस्त्याचे नाव आपल्या डिकीत येऊन पडले आहे. पाचवे अलॉय कोणी घेत नाही. त्यामुळे चार चाके नवी, चकचकीत, पंधरा इंची आणि डिकीत गालिच्याखाली मूळचे काळे, लोखंडी, तेरा इंची चाक, असा संसार असतो. स्टेपनीत हवा भरू नये, उगाच फुगते.

तर झाले असे. चोडणला वास्तुशांत होती. रायबंदरच्या धक्क्यावर पोचलो तेव्हा सुकती होती. पाणी खाली गेले की फेरीबोट खाली जाते आणि तिचा लोखंडी रॅम्प धक्क्याच्या उताराला अशा कोनात टेकतो, की समोर काचेत आधी आकाश, मग नदी आणि मग एकदम बोटीचा गंजका तळ दिसतो. पूर्वी या जागी आमची गाडी "धप्" म्हणायची. यावेळी "टण्" म्हणाली. पाठोपाठ फुस्स. खलाशी हात हलवत ओरडला, "फाटीं घे, फाटीं!" पण मागे दोन स्कूटर, एक पाववाला आणि एक रेंट-अ-कार. शेवटी चार जणांनी ढकलून गाडी बोटीत घेतली. पुढच्या डाव्या चाकाच्या डायमंड कटमध्ये बोट जाईल एवढी फट पडली होती. पाववाला खाली वाकला, फटीत बोट घालून बघितले आणि काही न बोलता पुन्हा सायकलीपाशी जाऊन उभा राहिला. मी त्याच्याकडे बघायचे टाळले.

चोडणला उतरून स्टेपनी काढली. तिच्यात बारा पीएसआय हवा होती, सात वर्षांपूर्वीची. एका टेंपोवाल्याने पंप दिला. किती भरायची, हे त्याने विचारले तेव्हा मला काही सांगता येईना. सौ. खाली उतरली, ड्रायव्हरच्या बाजूचे दार उघडले, चष्मा लावला आणि खांबाकडे बघून म्हणाली, "तेहेतीस. इथे लिहिलंय की."

संध्याकाळी फोंड्याला परतलो. तीन चाके चकचकीत, एक काळे, बिनकॅपचे, लोखंडी. शेजारचे मास्तर फाटकाशी उभे होते. त्यांनी गाडीभोवती एक चक्कर मारली, डाव्या पुढच्या चाकापाशी थांबले, मान तिरकी करून बराच वेळ बघत राहिले.

"हे डिझाइन जास्त बरं वाटतं हो," ते म्हणाले. "काळं, साधं. चारही असेच का नाही घेतले? केवढ्याला पडलं?"